मालाचे घनफळ आणि जहाजातील जागा



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने एखादा वाङ्मयीन अथवा तात्त्विक विषय निवडावा असा आपल्याकडील जुना रिवाज आहे. तो रिवाज बाजूस ठेवून मी आज मालाची मोजदाद, पेट्यांची रचना आणि कंटेनरची भरती यांविषयी बोलणार आहे, तेव्हा असे करण्यामागचा हेतू आरंभीच सांगणे उचित होईल. ज्या नाशिक जिल्ह्यात आपण बसलो आहोत त्या जिल्ह्याची द्राक्षे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत न्हावा-शेवा बंदरातून युरोपच्या वाटेला लागतात. त्या प्रत्येक घडामागे एप्रिल-छाटणीपासूनचे श्रम, सोसायटीचे कर्ज, अवकाळी पावसाची धास्ती आणि घरातल्या सर्व माणसांची जागरणे उभी असतात. छाटणी, विरळणी, फवारणी, गोडी आणि औषधांचे अवशेष यांविषयी आपल्या गावोगावी शिबिरे भरतात आणि त्यांत बागाईतदार जाणकारीने वाद घालतात. परंतु हीच द्राक्षे ज्या पेटीत बसणार ती पेटी किती लांब, किती रुंद व किती उंच असावी, ती पॅलेटवर कशी बसते आणि असे किती पॅलेट एका कंटेनरमध्ये मावतात, हा प्रश्न आला की तो पुठ्ठ्याच्या कारखानदाराचा, फॉरवर्डरचा किंवा बंदरावरच्या एजंटाचा आहे असे समजून आपण हात झटकतो. माझे प्रतिपादन एवढेच आहे की हा हिशेब मुळात माल पिकवणाऱ्याचा आहे, आणि तो बंदरावर पोहोचल्यावर करावयाचा नसून पेटीचा पहिला नमुना कागदावर रेखाटला जातो त्या दिवशी करावयाचा आहे.

घनफळाच्या गणिताचे मूळ शोधू गेल्यास आपल्याला फार दूर जावे लागत नाही. सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, आपला ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजही आहे. त्या ग्रंथाचा 'लीलावती' हा भाग आपण काव्यमय उदाहरणांसाठी आठवतो. परंतु त्यात खातव्यवहार, चितिव्यवहार, क्रकचव्यवहार आणि राशिव्यवहार अशी शुद्ध कामकाजाची प्रकरणे आहेत, म्हणजे खणलेल्या खड्ड्याचे, रचलेल्या विटांचे, चिरलेल्या लाकडाचे आणि धान्याच्या राशीचे माप. एक हात लांब, एक हात रुंद व एक हात उंच अशा बारा कडांच्या आकृतीला तेथे घनहस्त अशी संज्ञा आहे, आणि आज गोदीतला कारकून ज्याला सीबीएम म्हणतो तो घनमीटर ही तीच कल्पना हाताऐवजी मीटर घेऊन मांडलेली आहे. राशिव्यवहारातील एक बारकावा तर मला फार मोलाचा वाटतो. जमिनीवर ओतलेल्या राशीची उंची तिच्या परिघावरून काढताना जाड्या धान्यासाठी परिघाचा दहावा भाग, बारीक धान्यासाठी अकरावा आणि कुसळ असलेल्या धान्यासाठी नववा भाग घ्यावा, असे आचार्य सांगतात. राशीचा घेर सारखाच असला तरी धान्याचा स्वभाव बदलला की तिची उंची बदलते आणि उंची बदलली की घनफळ बदलते. मापाचे सूत्र मालाला ओळखून वापरावे लागते, ही जाण साडेआठशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रकरणात स्वच्छ दिसते.

चितिव्यवहारातील एक उदाहरण आज माझ्या विवेचनाचा कणा आहे, म्हणून ते जरा सावकाश पाहू. वीट १८ अंगुळे लांब, १२ अंगुळे रुंद आणि ३ अंगुळे उंच. रचावयाची चिती ८ हात लांब, ५ हात रुंद आणि ३ हात उंच. तर विटा किती लागतील आणि थर किती होतील? चितीचे घनफळ १२० घनहस्त. चोवीस अंगुळांचा हात धरल्यास विटेचे घनफळ घनहस्ताचे तीन चौसष्टांश. भागाकार केला की विटा २५६० येतात, आणि उंचीला उंचीने भागले की थर २४ येतात. उत्तर निर्दोष आहे. आता आपण एक पाऊल पुढे टाकून २५६० ला २४ ने भागून पाहू: एका थरात १०६ विटा आणि वर दोन तृतीयांश वीट. ही दोन तृतीयांश वीट कोठून आणावयाची? गवंडी कर्णीचा एक घाव घालतो आणि हवा तेवढा तुकडा बसवतो. विटेचा तुकडाही वीटच असतो, म्हणून आचार्यांचा हिशेब भिंतीवर जसाच्या तसा उतरतो. परंतु द्राक्षाची पेटी तोडता येत नाही. घनफळाला घनफळाने भागून येणारी संख्या तोडता येणाऱ्या वस्तूंची असते, आणि कंटेनरमध्ये मात्र पूर्णांक भरावे लागतात. निर्यातीच्या हिशेबात जी तूट वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात न येता सोसली जाते, तिचा मोठा हिस्सा या एका भेदात दडलेला आहे.

जहाजाची जागा आणि मालाचे माप यांचा संबंध आपल्या किनाऱ्याला नवा नाही. कोकणातल्या बंदरांत गलबत किती खंडींचे यावरून त्याची योग्यता ठरत असे. खंडी बहुधा वीस मणांची असली तरी मण मात्र गावोगाव आणि मालागणिक निराळा असल्यामुळे एका बंदरातले माप दुसऱ्या बंदरात रुजू करताना तंटे होत, आणि मग तांडेलाचा अनुभव हाच अखेरचा दाखला ठरे. इंग्लंडात १८५४ च्या कायद्याने जॉर्ज मूरसम यांची पद्धत स्वीकारून १०० घनफुटांचा एक रजिस्टर टन ठरवण्यात आला, तर भाडे आकारण्यासाठी व्यापारात ४० घनफुटांचा टन रूढ झाला. पहिल्याने जहाजाची पोकळी मोजली जाई आणि दुसऱ्याने त्या पोकळीतला मालाचा वाटा.

या विद्येचे महत्त्व मुंबईला कापसाने शिकवले. वऱ्हाड-खानदेशातून येणारा कापूस सैल गठ्ठ्यांत बांधलेला असे. तसाच तो जहाजात घातला असता तर जहाजाचे पोट भरले असते आणि वजन मात्र नाममात्र राहिले असते. म्हणून एकोणिसाव्या शतकात कुलाब्याच्या परिसरात मळसूत्राचे आणि पुढे पाण्याच्या दाबाचे प्रेस उभे राहिले. त्यांत कापूस दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून, घट्ट गासड्या बांधल्या जाऊ लागल्या, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरची मागणी अकस्मात वाढली तेव्हा याच गासड्यांनी मुंबईला वैभव दाखवले. तेजी ओसरल्यावर अनेक पेढ्या बुडाल्या. प्रेस मात्र राहिले, कारण माल जेवढा कमी जागा व्यापील तेवढे त्याचे भाडे कमी, हा नियम तेजी-मंदीवर अवलंबून नव्हता. कापूस दाबता येतो आणि द्राक्ष दाबता येत नाही, एवढा भेद ध्यानात ठेवला तर कुलाब्याच्या त्या व्यापाऱ्यांकडून आपल्याला आजही शिकण्यासारखे आहे. जागेचे भाडे कमी करण्याची संधी मालाच्या बांधणीतच असते, हे त्यांना पुरते समजले होते.

यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी कंटेनर आला. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेटारे घेऊन अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ह्यूस्टनकडे निघाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या संसदेने वजनमापांचा कायदा संमत करून दशमान पद्धतीचा स्वीकार केला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, तरी आजच्या निर्यातदाराचे सारे जग त्या दोहोंच्या संयोगातून उभे आहे असे मला वाटते. पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने कंटेनरची मापे निश्चित केली, आणि २६ मे १९८९ रोजी उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर महाराष्ट्राच्या अंतर्भागातला माल या मापांना बांधला गेला.

ती मापे अशी. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९० मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो आणि त्याची पोकळी सुमारे ३३ घनमीटर भरते. चाळीस फुटी कंटेनरची आतील लांबी सुमारे १२.०३ मीटर आणि पोकळी साडेसदुसष्ट घनमीटर. एक फूट अधिक उंचीचा जो हायक्यूब, त्यात सुमारे ७६ घनमीटर. फळांसाठी वापरला जाणारा शीत कंटेनर, ज्याला सर्वजण रीफर म्हणतात, त्याच्या भिंतींत उष्णतारोधक थर असल्यामुळे तो बाहेरून तेवढाच दिसला तरी आतून अरुंद असतो: लांबी सुमारे ११.५८ मीटर आणि रुंदी सुमारे २.२९ मीटर. कंपनीगणिक यात एक-दोन सेंटीमीटरांचा फरक पडतो, आणि तो फरक क्षुल्लक मानणाऱ्याचा हिशेब तेथेच चुकतो.

पेटीचे घनफळ काढण्याची रीत शाळकरी मुलालाही अवगत आहे. लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणावी आणि दहा लाखांनी भागावे, की घनमीटर मिळतात. चूक गुणाकारात होत नाही, मोजण्यात होते. कारखानदार जे माप देतो ते बहुधा पेटीच्या आतले असते. माल भरल्यावर पेटीच्या बाजू फुगतात, झाकणाचा पुठ्ठा उंची वाढवतो आणि पट्टीची गाठ कोपऱ्यावर येते. ६० गुणिले ४० गुणिले ४० सेंटीमीटरच्या ५०० पेट्या ४८ घनमीटर होतात. प्रत्येक बाजू एकच सेंटीमीटर वाढली तर त्याच ५०० पेट्या सव्वाएक्कावन्न घनमीटरांच्या वर जातात. एका सेंटीमीटरने सव्वातीन घनमीटर खाल्ले. म्हणून माप नेहमी भरलेल्या, बांधलेल्या आणि रचल्यामुळे थोड्या दबलेल्या पेटीचे, बाहेरून, सर्वांत फुगीर ठिकाणी घ्यावे.

पूर्णांकाचा नियम याहूनही कठोर आहे. साध्या चाळीस फुटी कंटेनरची आतील रुंदी २३५ सेंटीमीटर. पेटी ४० सेंटीमीटर रुंद असेल तर एका आडव्या ओळीत पाच बसतात आणि ३५ सेंटीमीटर मोकळे राहतात. ही पट्टी कंटेनरच्या पूर्ण लांबीत आणि पूर्ण उंचीत धरली तर तिचे घनफळ दहा घनमीटर भरते. पेट्या फिरवून, काही आडव्या काही उभ्या लावून, त्यातली थोडी जागा सोडवता येते, सगळी येत नाही. आता तीच पेटी ३८ सेंटीमीटरची केली तर ओळीत सहा बसतात. प्रत्येक पेटीतला माल पाच टक्क्यांनी घटला, पण ओळीतला माल चौदा टक्क्यांनी वाढला. कोणी म्हणेल की ३९ केली तरीही सहा बसतातच. कागदावर बसतात, परंतु सहा पेट्यांचे २३४ सेंटीमीटर होतात, दाराची मोकळी रुंदी जवळजवळ तेवढीच असते, आणि भरलेली पेटी कागदावरच्या मापाला कधीच बांधलेली राहत नाही. अशी ओळ हमालांना ठोकून बसवावी लागते आणि पलीकडच्या बंदरात ती फाडून काढावी लागते.

द्राक्षाचा रीफर हे याच नियमाचे सर्वांत शिकवण देणारे उदाहरण आहे, आणि पॅकहाउसमध्ये स्टफिंग, म्हणजे कंटेनरची भरती, चालू असताना आपण सर्वांनी ते एकदा तरी उभे राहून पाहावे. निर्यातीचा प्रचलित पॅलेट १२० गुणिले १०० सेंटीमीटरचा. सर्व पॅलेट एकाच दिशेने, म्हणजे रुंदीत दोन वेळा १०० आणि लांबीत १२०, असे लावले तर ११.५८ मीटर लांबीत नऊ जोड्या बसतात आणि एकूण पॅलेट १८ होतात. अनुभवी मुकादम असे करत नाही. तो एका भिंतीकडची रांग १०० च्या रुंदीने लावतो, तिच्यात नऊ पॅलेट बसतात, आणि समोरच्या भिंतीकडची रांग फिरवून १२० च्या रुंदीने लावतो, तिच्यात अकरा बसतात. नऊ आणि अकरा मिळून वीस. लोखंडाचा एक तुकडाही न बदलता, केवळ रांग फिरवल्याने, दोन पॅलेट वाढले. परंतु या मांडणीत रुंदीला २२० सेंटीमीटर लागतात आणि रीफरची रुंदी २२९, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून अवघे नऊ सेंटीमीटर उरतात. एखादा पॅलेट वरच्या थरांत जरा कलला, किंवा पेट्या काठाबाहेर आल्या, की अकराव्या पॅलेटशी धक्काबुक्की सुरू होते आणि शेवटी तो खाली ठेवून दार लावावे लागते. म्हणून चांगला मुकादम फीत खाली लावून थांबत नाही. पॅलेटच्या माथ्यावर पुन्हा लावतो.

आता या पॅलेटवर पेटी कशी बसते ते पाहू. समजा पेटी बाहेरून ५० गुणिले ३० सेंटीमीटर आणि १२ सेंटीमीटर उंच आहे व तिच्यात पाच किलो द्राक्षे आहेत. एका थरात बरोबर आठ पेट्या बसतात आणि पॅलेटचा एक चौरस सेंटीमीटरही वाया जात नाही. अठरा थर रचले तर पेट्यांची उंची २१६ आणि लाकडी पॅलेटचे १५ मिळून २३१ सेंटीमीटर होते. पॅलेटवर १४४ पेट्या आणि वीस पॅलेटांवर २८८०. याच रीफरची पोकळी सुमारे ६७ घनमीटर धरून तिला पेटीच्या ०.०१८ घनमीटरांनी भागणारा मनुष्य मात्र ३७०० हून अधिक पेट्यांची अपेक्षा करील. त्या आकड्यावर सौदा ठरवला आणि परदेशी खरेदीदाराला शब्द दिला, तर आठशेहून अधिक पेट्या पॅकहाउसच्या दारात उरतील. दुसऱ्या बाजूने पाहा: हीच पेटी ५२ गुणिले ३२ ची काढली, तर साध्या मांडणीत थरात आठांच्या जागी सहाच राहतात, आणि आठांचा आग्रह धरल्यास त्या पॅलेटच्या काठाबाहेर लोंबतात. पुठ्ठ्याच्या पेटीचे बळ तिच्या उभ्या भिंतींत आणि कोपऱ्यांत असते. कोपऱ्याखाली आधार नसला की वरच्या सतरा थरांचा भार तो पेलू शकत नाही, आणि खालच्या पेटीतला घड बंदर सोडण्यापूर्वीच चेचला जातो.

रीफरमध्ये पोकळीचा काही भाग बुद्ध्या रिकामा ठेवावा लागतो, हेही सांगितले पाहिजे. थंड हवा जमिनीवरच्या टी आकाराच्या पट्ट्यांमधून दाराकडे वाहते, पेट्यांच्या छिद्रांतून वर चढते आणि छताखालून परत यंत्राकडे जाते. भिंतीवर जी तांबडी रेषा आखलेली असते तिच्या वर माल गेला तर परतीची वाट बंद होते. दाराजवळ उघडी राहिलेली जमीन पुठ्ठ्याने झाकली नाही तर हवा मालात न शिरता तेथूनच वर निघून जाते. छिद्रे एका थराची दुसऱ्या थराशी जुळली नाहीत तरी परिणाम तोच. ज्याने लोभाने थर वाढवून तांबडी रेषा ओलांडली त्याने काही पेट्या मिळवल्या असतील, पण सबंध कंटेनर पणाला लावला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे पुष्कळ जहाजे सुवेझ टाळून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास लांबला, तेव्हा या रेषेचे मोल सर्वांनाच कळले.

गोल मालाची कथा वेगळी आहे. तोफगोळे जहाजाच्या डेकवर कसे रचावेत या प्रश्नातून निघालेल्या विचाराला योहान केप्लर यांनी १६११ मध्ये अनुमानाचे रूप दिले. समान गोल कितीही कौशल्याने रचले तरी ते सुमारे ७४ टक्क्यांहून अधिक जागा भरू शकत नाहीत, असे ते अनुमान. त्याची सिद्धता देण्यास १९९८ साल उजाडले आणि ती थॉमस हेल्स यांनी दिली. लासलगावचा कांदा गोलही नसतो आणि एकसारखाही नसतो, तरी जाळीच्या गोणीत भरलेल्या कांद्यात बरीचशी हवा असते. त्या हवेवरच तो जिवंत राहतो, म्हणून ती हवा वाया गेलेली जागा समजू नये.

येथवर जागेचा विचार झाला. वजनाचा विचार तितकाच निर्णायक आहे. वीस फुटी कंटेनरचे मालासह कमाल वजन ३०,४८० किलो. त्यातून रिकाम्या कंटेनरचे सुमारे २,२३० वजा जाता २८,२५० किलो माल घालता येतो. पोलाद भरले तर साडेतीन घनमीटरांच्या किंचित वर ही मर्यादा संपते आणि कंटेनरचे नऊपैकी आठ हिस्से रिकामे राहतात. त्याच कमाल वजनाच्या चाळीस फुटी कंटेनरचे स्वतःचे वजन पावणेचार टनांच्या आसपास असल्यामुळे त्यात माल उलट कमी, म्हणजे पावणेसत्तावीस टनांच्या घरात जातो. जागा दुप्पट मिळते, भार मात्र घटतो. यातून एक उपयोगी कसोटी निघते. ज्या मालाचा घनमीटर ४०० किलोंहून हलका, त्याला चाळीस फुटी योग्य. ज्याचा घनमीटर साडेआठशे किलोंच्या वर, तो वीस फुटीतही वजनानेच अडणार, आणि त्याच्यासाठी जागेचा हिशेब करीत बसणे व्यर्थ आहे. शिवाय भार कंटेनरच्या लांबीभर पसरलेला असावा. अर्ध्या लांबीत साठ टक्क्यांहून अधिक वजन येऊ देऊ नये, असा व्यवहारातला दंडक आहे. तो मोडला की ट्रेलर घाटाच्या वळणावर आणि क्रेन गोदीवर त्याचा जाब विचारते.

पूर्ण कंटेनर न लागणाऱ्या छोट्या निर्यातदाराचा माल इतरांच्या मालाबरोबर जातो, आणि तेथे एक घनमीटर अथवा एक टन, यांपैकी जे अधिक भरेल त्यावर भाडे आकारले जाते. विमानाने गेल्यास सहा हजार घनसेंटीमीटरांना एक किलो धरतात. एक मीटर लांब, ४० सेंटीमीटर रुंद व ३० सेंटीमीटर उंच अशा गुलाबाच्या खोक्याला, काट्यावर ते कितीही हलके भरले तरी, वीस किलोंचे भाडे द्यावे लागते. मावळातील फुलशेतीवाल्यांना हे ठाऊक आहे; नव्याने या धंद्यात येणाऱ्या तरुणांना ते पहिले बिल हाती पडल्यावर कळते.

आता या विषयाच्या त्या भागाकडे वळतो ज्याची मला सर्वांत अधिक आस्था आहे. जानेवारी २००७ मध्ये 'एमएससी नापोली' हे कंटेनरवाहू जहाज इंग्लिश खाडीतल्या वादळात तडकले. खलाशी वाचले, आणि जहाज डेव्हनच्या किनाऱ्यावर ब्रॅन्सकम येथे वाळूत रुतवावे लागले. तडकण्याचे मूळ कारण सांगाड्याच्या रचनेतील दुर्बलता हे होते, परंतु चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. डेकवरचे जे ६६० कंटेनर कोरडे राहिले होते ते तोलून पाहिले असता त्यांपैकी १३७ कंटेनरांचे खरे वजन कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाचे आढळले. जहाजाचा अधिकारी कोणता कंटेनर कोठे ठेवावा, कोणावर कोण रचावा, जहाज किती बुडेल आणि किती झुकेल, हे सारे त्या कागदांवर विसंबून ठरवतो. कागद खोटा असेल तर त्याचे गणित बरोबर असूनही उत्तर चुकते, आणि त्या चुकीत वीस-पंचवीस माणसांचे प्राण असतात. १ जुलै २०१६ पासून प्रमाणित वजन जाहीर केल्याखेरीज कंटेनर जहाजावर चढवू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम अमलात आला. त्यासाठी भरलेला कंटेनर काट्यावर तोलावा, किंवा प्रत्येक नग, पॅलेट, पट्ट्या व आधाराची लाकडे तोलून त्यांच्या बेरजेत रिकाम्या कंटेनरचे वजन मिळवावे, असे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गात पुठ्ठा ओला आहे की कोरडा, पॅलेट नवा आहे की जुना, हे सारे मोजावे लागते. मागच्या खेपेचा आकडा पुढच्या खेपेला उतरवून काढण्याची सवय आपल्यापैकी काहींना आहे, आणि ती सोडलीच पाहिजे. कंटेनरच्या वजनाचा तो कागद ही एक साक्ष आहे, आणि ती समुद्रावर असलेल्या अनोळखी माणसांपुढे दिलेली आहे.

कंटेनरची भरती आखणाऱ्या संगणकीय प्रणाली आता सहज उपलब्ध आहेत, आणि त्या वापराव्यातच. परंतु निरनिराळ्या आकारांच्या पेट्या एका पोकळीत उत्तम रीतीने बसवण्याचा प्रश्न गणितातल्या दुर्घट प्रश्नांपैकी आहे. प्रत्येक प्रसंगी सर्वोत्कृष्ट मांडणी झटपट आणि खात्रीने सांगणारी रीत अद्याप कोणाला सापडलेली नाही, आणि संगणकही चांगल्या अंदाजावरच थांबतो. त्याला आपण जे माप देऊ त्यावर तो अंदाज बांधणार. पेटी फुगते हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

खर्चाची गोष्टही साधी आहे. रीफरचे भाडे सबंध कंटेनरवर ठरते. आत १८ पॅलेट आहेत की २०, हे भाड्याला ठाऊक नसते. अठराच गेले तर प्रत्येक पेटीवरचे भाडे अकरा टक्क्यांनी वाढते, आणि मघाच्या हिशेबाप्रमाणे २८८ पेट्या, म्हणजे १,४४० किलो द्राक्षे, मागे राहतात. हा भुर्दंड हिशेबवहीत 'मापाची चूक' अशा नावाने कोठेच दिसत नाही. तो वाहतूकखर्चात मिसळतो, आणि शेवटी बागाईतदाराला मिळणाऱ्या दरातून वजा होतो. ज्याने मोजले नाही त्याच्या पदरात ही तूट पडते, आणि मोजणारे बहुधा दुसरेच असतात. म्हणून आपल्या शेतकरी कंपन्यांनी आणि सहकारी संस्थांनी हे गणित आपल्या दप्तरात आणावे, कृषिमहाविद्यालयांनी ते काढणीपश्चात तंत्राच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष पेट्या, पॅलेट आणि फीत घेऊन शिकवावे, आणि वाणिज्य शिकणाऱ्या मुलामुलींना एक दिवस तरी स्टफिंगच्या जागी नेऊन उभे करावे.

आणि बागाईतदार बंधुभगिनींनो, तुम्हाला माझी एक विनंती आहे. येत्या हंगामाची पेटी छापायला देण्यापूर्वी कारखानदाराकडून दहा-वीस नमुने मागून घ्या, ते द्राक्षांनी भरून व बांधून बाहेरून मोजा, पॅलेटवर एक थर मांडून पाहा, भरलेली पेटी काट्यावर ठेवा, आणि मगच कागदावर सही करा.